मार्कबद्दल आज्ञा आहे

मला ती नोकरी मिळाली, ती मला काही येत नव्हतं म्हणून. हे मी विनयाने म्हणत नाहीये. विनय माझ्या अंगात नाही, विरारला आमच्या चंदनसारच्या बिल्डिंगमध्ये कुणालाही विचारा. मुलाखत घ्यायला फादर इनास होते. त्यांनी विचारलं, बायबल वाचलंय का? म्हटलं, नाही. चर्चमध्ये कधी गेलात? नाताळचा गोठा बघायला, तोही बाहेरून. ग्रीक येतं? म्हटलं, फादर, मी सांगलीची आहे. त्यावर फादरांनी खुशीत टेबलावर हात आपटला. "झालं! आम्हाला अशीच बाई हवी होती!"

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नवा करार, म्हणजे बायबलचा येशूच्या जन्मापासून पुढचा भाग, रोजच्या मराठीत आणायचं काम वसईतल्या एका मंडळाने घेतलं होतं. तो मूळचा ग्रीक. लोकांना वाटतं, भाषांतर म्हणजे एका हाताला डिक्शनरी आणि दुसऱ्या हाताला चहा. चहाचं खरं आहे. पण या कामाला तीन प्रकारची माणसं लागतात. एक मूळ भाषा जाणणारा, एक आपली भाषा जाणणारा आणि तिसरं काहीच न जाणणारं. पहिले दोघं जे लिहितात ते तिसऱ्याला कळलं नाही, तर त्या दोघांनी पुन्हा लिहायचं. तिसरी मी. दोन विद्वानांना दिवसातून दहा वेळा "मला नाही कळलं" असं तोंडावर सांगायचे पैसे मिळणारी बाई सगळ्या वसई-विरारमध्ये मीच असेन. घरी हेच मी फुकट करत होते.

फादर इनास रोमला शिकून आले होते आणि येताना ग्रीक आणि डायबेटिस दोन्ही घेऊन आले होते. मराठीकडून राऊत सर होते, आगाशीच्या बागायतदार घराण्यातले, कॉलेजातून निवृत्त झालेले. येताना पिशवीभर केळी आणायचे आणि बोलताना मागच्या शतकातलं मराठी. त्यांच्या मते मराठी भाषा ते निवृत्त झाले त्या दिवशी संपली. तरी माणूस मोठा मायेचा होता. मी "नाही कळलं" म्हटलं की आधी एक केळं पुढे करायचे आणि मगच भांडायचे.

आमचं सर्वांत मोठं भांडण एका शब्दावरून झालं. तो ग्रीक शब्द म्हणजे 'एंतोले'. राऊत सरांनी क्षणाचाही विचार न करता त्यापुढे 'आज्ञा' लिहिलं आणि पान उलटायला घेतलं. फादरांनी पानावर हात ठेवला.

"सर, थांबा. आज्ञा म्हटलं की लोकांना डोंगर दिसतो, दगडी पाट्या दिसतात, गडगडाट ऐकू येतो."

"मग? बायबलात आहेच ना गडगडाट?"

"आहे. पण गंमत बघा, देवाने डोंगरावर दिलेल्या त्या दहा आज्ञांना जुन्या ग्रीकमध्ये 'दहा शब्द' म्हटलंय. आणि एंतोले कुठे कुठे येतं ते ऐका. राजाने हुकूम सोडला, ती एंतोले. उधळ्या मुलाची गोष्ट आहे ना, त्यातला थोरला बापाला म्हणतो, तुमचं सांगणं मी कधी मोडलं नाही. ते सांगणं म्हणजे एंतोले. येशू कुठे दिसला तर कळवा, अशी पुढारी ताकीद देतात, तीही एंतोले. येशूची शिकवण गावोगाव नेणारा पौल मागे राहिलेल्या सोबत्यांना निरोप धाडतो, लवकर निघून या, तीही तीच. आणि शेवटच्या जेवणाला येशू म्हणतो एकमेकांवर प्रेम करा, ती नवी एंतोले. आता या सगळ्यांना एक शब्द द्या!"

"आज्ञा," राऊत सर म्हणाले.

मी मध्ये पडले. "फादर, मला अडाणी बाईला एका वाक्यात सांगा. म्हणजे नक्की काय?"

फादर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ज्याचा अधिकार आहे, त्याने ज्याच्यावर भरवसा आहे त्याच्यावर सोपवलेलं सांगणं. हा करणारच, असं धरून सांगितलेलं."

"म्हणजे माझी सासू गावाला जाताना सांगून जाते तसं. दूध तापवून ठेव, तुळशीला पाणी घाल."

"त्या सूचना झाल्या, शैलाताई."

"फादर, तुम्ही माझ्या सासूला बघितलेलं नाही."

कुणीच मागे हटेना तेव्हा फादर म्हणाले, लोकांवर सोडू. आमच्या धंद्यात याला पडताळणी म्हणतात, आणि ती करायला मलाच धाडायचे. कागदावर दोन-चार ओळींचा उतारा घ्यायचा, गावात कुणाच्या तरी ओटीवर बसायचं, उतारा दोनदा वाचायचा, कागद मिटायचा आणि विचारायचं, "काय ऐकलंत? तुमच्या शब्दांत सांगा." नियम कडक होते. समजावून द्यायचं नाही. मान डोलवायची नाही. ऐकणारा चुकला तरी चेहरा मख्ख ठेवायचा. आणि सर्वांत महत्त्वाचं, हे बायबलातलं आहे हे अजिबात सांगायचं नाही. कारण बायबल म्हटलं की वसईतला माणूस कपाळापासून क्रूस करतो, "लय चांगलं हाय" म्हणतो आणि खरं काय कळलं ते पोटात ठेवतो. म्हणून नुसतं सांगायचं, एक मजकूर आहे, ऐका. कोणाचा, कुठला, बोलायचं नाही. अवघड नावंही फादर गाळून टाकायचे, कारण माणसं अर्थ सोडून नावापाशीच अडखळतात. नियम शहाणेच होते, यात वादच नाही.

सुरुवात मी आमच्या बिल्डिंगपासून केली. 'आदेश' हा शब्द घालून उतारा वाचला. दुसऱ्या मजल्यावरचे सावंत शांतपणे ऐकून म्हणाले, "आदेश आला का? मग वकील करायचा आणि स्टे आणायचा." तेव्हा चंदनसारमध्ये निम्मी वस्ती स्टेवरच उभी होती, त्यामुळे माणूस अनुभवाचं बोलत होता. 'हुकूम' घेऊन आगाशीच्या बाजारात गेले. तिथे पारावर पत्ते कुटणाऱ्या चार म्हाताऱ्यांनी मला विचारलं, "कसला? इस्पिकचा का बदामचा?" आणि आपापले पत्ते छातीशी धरले. 'आज्ञा'चं म्हणाल तर एक भाजीवाली म्हणाली, "आज्ञा नातवाला करायची असते. तो पाळत नाय, पन आपन करायची." हे मी फादरांना सांगितलं, तर ते म्हणाले, बाईने येशूच्या आधीचा सगळा जुना करार एका वाक्यात सांगितला.

असं करत करत मी आगाशीच्या पलीकडच्या एका वाडीत गेले. केळी, पानवेली, विहिरी असलेली कॅथलिक वस्ती. तिथे कातरीन मावशी नावाच्या साठीच्या बाई ओटीवर वाल सोलत बसल्या होत्या. घरातली त्यांची बोली मला ओ की ठो कळत नसे, पण माझ्याशी त्या आपलं शाळेतलं मराठी वापरायच्या. "बस गं बाय," म्हणाल्या आणि पाणी दिलं. मी कागद काढला.

त्या दिवसाचा उतारा पौलाच्या एका पत्राच्या शेवटातला होता, नमस्कार-चमत्काराचा. चर्चमध्ये हा भाग सहसा कुणी वाचत नाही. फादरांनी चार अवघड नावं काढून टाकली होती. उरलं ते असं: माझ्यासोबत तुरुंगात असलेला माझा सोबती तुम्हाला सलाम सांगतो, आणि मार्कही सांगतो. मार्कबद्दल तुम्हाला आज्ञा मिळालेल्याच आहेत. तो तुमच्याकडे आला, तर त्याचं स्वागत करा.

मी वाचलं. मावशींचे हात वालांत थांबले. मी नियमाप्रमाणे पुन्हा वाचलं. मावशी माझ्याकडे बघतच राहिल्या.

"काय ऐकलंत, मावशी?"

"मार्क येनार."

"आल्यावर काय करायचं?"

"घरात घ्यायचा." आवाज जरा कापत होता. मला वाटलं, वय झालं.

"आणि आज्ञा म्हणजे काय?"

"म्हंजे मोठ्यांनी सांगून ठेवलंय. आता कुनी नाय म्हनायचं नाय." मग पुढे वाकून हळूच विचारलं, "बाय, कुनी लिवलंय हे?"

"ते सांगायची परवानगी नाही, मावशी."

"बरं बरं. नको सांगू." त्यांनी पदराने डोळे पुसले आणि आत जाऊन मला दोन नारळ आणून दिले.

मी तर हवेतच! इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी उतारा पैकीच्या पैकी सांगितला होता. 'आज्ञा' शब्द पास! राऊत सरांनी खोलीतल्या सगळ्यांना केळी वाटली. फादरही विरघळले. म्हणाले, बघा, शब्द जड असला तरी बाईंना बरोबर जागी लागला.

आता त्या बाईंच्या घरात काय होतं, ते आम्हाला पुढच्या आठवड्यात कळलं. तिथल्या धर्मगुरूंचा फादरांना फोन आला, आणि फोन ठेवला तेव्हा फादरांचा चेहरा उतरला होता.

कातरीन मावशींचा एकुलता एक मुलगा होता. त्याचं नाव मार्क.

दोन वर्षांपूर्वी त्याने बापाच्या, बावतीसकाकांच्या, नकळत घरच्या विहिरीचं पाणी टँकरवाल्यांना विकायला सुरुवात केली होती. तेव्हा विरार-नालासोपाऱ्याला इमारती भराभर उठत होत्या आणि नळ कोरडे होते. ऐन उन्हाळ्यात विहिरीने तळ दाखवला आणि बावतीसकाकांची पानवेल उभी करपली. मोटेच्या काळापासून जपलेली विहीर, लेकराने विकली! काकांनी पोराला हाताला धरून फाटकाबाहेर काढला आणि बजावलं, मी जिवंत आहे तोवर या उंबऱ्यात पाय नाही, आणि याचं नाव या घरात कुणी घ्यायचं नाही. नाव घ्यायचं नाही म्हणून कुणी घेत नव्हतं, आणि म्हणून मला बापडीला ते कळलं नव्हतं. मार्क तेव्हापासून नायगावला टँकरच चालवत होता. आणि आमच्या चंदनसारला पाणी टँकरचंच यायचं. म्हणजे त्या विहिरीचं पाणी मीही प्यायले असेन, कुणी सांगावं.

अशा घरात मी जाऊन बसले आणि कुणी लिहिलंय ते न सांगता वाचून आले, की मार्क तुरुंगातून सलाम सांगतोय, तो येईल, घरात घ्या, वरून आज्ञा आहे! मावशींना वाटलं, बिशपसाहेबांनीच मध्यस्थी करून गुपचूप बाई धाडली. त्यांनी घराला चुना काढला, कोंबडं हेरून ठेवलं आणि सगळ्या वाडीला सांगून टाकलं. वाडीनेही आपल्या परीने भर घातली. मार्क पाणीचोरीत आत गेला, दुसरा कुणी सोबत आत आहे, दोघं नाताळच्या आत सुटतील, इथपर्यंत.

"आता, फादर?" मी विचारलं.

"आता तुम्ही जाऊन खरं ते सांगा."

"मी? नियम तुमचे!"

"वाचलंत तुम्ही."

राऊत सरांनी मला केळं दिलं. ते बघून मला समजलं की प्रकरण गंभीर आहे.

वाटेत मी वाक्यं जुळवत गेले. लोकांना कळेल असं लिहिणं हा माझा धंदा, आणि एका आईला 'तो तुमचा मार्क नव्हे' हे कसं सांगायचं ते मला सुचेना. वाडीत पोचले तर ओटी माणसांनी भरलेली. "आली, चिठ्ठीवाली बाय आली!" बायकांनी मला वाट करून दिली. कातरीन मावशी नवं लुगडं नेसून उभ्या.

"बरं झालं आलीस. म्हातारा सकालीच गेला बघ. तुरुंगाचं कुनीतरी त्याच्या कानावर घातलं. दोन वर्षं नाव घेतलं नाय त्याने, आन सकाली धुवट सदरा घातला नि पोलीस ठान्यात गेला, माझा पोरगा कंच्या तुरुंगात हाय विचारायला!"

मी मावशींना हाताला धरून आत चुलीपाशी नेलं आणि एका दमात सांगून टाकलं. हे पत्र बायबलातलं आहे. लिहिणारा संत पौल. तुरुंगात होता तो पौल आणि त्याचा सोबती. हा मार्क दुसरा, फार जुना. मला सांगायची मनाई होती, चूक नियमाची होती, माझ्यावर राग धरू नका.

मावशी मटकन पाटावर बसल्या. मला वाटलं, आता नारळ परत मागतील. खरं सांगते, रडू येत होतं मला, आणि मी सहसा रडत नाही, रडवते.

"म्हंजे माझा येनार नाय," त्या म्हणाल्या.

"नाही कळत, मावशी."

तेवढ्यात बाहेर मोठा हॉर्न वाजला. आम्ही दोघी धावत ओटीवर आलो. फाटकातून पाण्याचा एक टँकर अंगणात शिरत होता, चाकाखाली अबोलीचा ताटवा चिरडत. पुढे ड्रायव्हरच्या शेजारी धुवट सदऱ्यातले बावतीसकाका ताठ बसले होते. पोलीस ठाण्यात त्यांना सांगितलं होतं, या नावाचा कुणी आमच्याकडे नाही. तिथून ते थेट नायगावला गेले होते, आणि मार्क टँकरखाली सावलीत झोपलेला सापडला होता. त्याच्या डोक्यावर उभं राहून काका पहिलं वाक्य काय बोलले ते मला नंतर मार्कनेच सांगितलं: "तुरुंगात नव्हतास, तर तसं कळवायला काय झालं होतं?"

काका उतरले. मार्क उतरला, पण अंगणातच उभा राहिला. मावशी पुढे धावल्या, तर काकांनी हात आडवा केला.

"थांब. जिता हाय हे बघायला गेलो. घरात घ्यायला नाय. मी शब्द दिलाय, मी जिता असेतो उंबऱ्यात पाय नाय. बावतीसचा शब्द हाय तो."

वाडीतल्या माणसांना हे पटण्यासारखं होतं, कारण बावतीसकाकांनी आजवर दिलेला शब्द फिरवलेला नव्हता, आणि याच गोष्टीची त्यांना सर्वांत जास्त घमेंड होती. मार्क खाली मान घालून चपलेने माती उकरत होता. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. खरं काय ते आता त्यांना माहीत होतं, आणि मलाही.

काकांनीही माझ्याकडे मोहरा वळवला. "तू ती चिठ्ठीवाली ना? खरं सांग बाय, कुनाची आज्ञा म्हनून वाचलीस?"

माझा चेहरा, इतक्या महिन्यांच्या सवयीचा, मख्ख राहीना. "संत पौलाची, काका."

"कंचा पौल? आपला? देवलातला?"

"तोच."

"त्याने लिवलंय, मार्कला घरात घ्या?"

"तसंच लिहिलंय. मार्क आला तर त्याचं स्वागत करा, त्याच्याबद्दल आज्ञा आहे." कुठल्या मार्कचं ते मी सांगायला तोंड उघडलं, पण काकांनी मला हाताने थांबवलं. ते त्यांना ऐकायचंच नव्हतं, हे मला आता कळतं.

"कवा लिवलं?"

"झाली की, काका. दोनेक हजार वर्षं."

हळूहळू काकांचा चेहरा सैल पडत गेला. कुणीतरी डोक्यावरचं ओझं उतरवून घ्यावं तसा.

"म्हंजे माझ्या आधीचं," ते म्हणाले. मग वाडीकडे वळून मोठ्याने म्हणाले, "ऐकलंत ना? माझ्या आधी सांगून ठेवलेलं हाय. आमच्यात थोरल्याने सांगितलं की धाकट्याचा शब्द चालत नाय. माझ्या बापासमोर माझा चालला नाय, तर पौलासमोर कुठला चालतो? माझा शब्द मी फिरवला नाय. तो वरनं रद्द झाला."

ओटीवरच्या सगळ्यांनी मानेनेच होकार भरला. कायद्याला धरून झालं होतं. मावशी धावत अंगणात गेल्या, आधी मार्कच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग त्याला मिठी मारली.

मी हे सगळं फादरांना सांगितलं तेव्हा ते चष्मा काढून पुसत बसले. म्हणाले, रोममध्ये मला चार वर्षांत या शब्दाचा जेवढा अर्थ कळला नाही, तेवढा या म्हाताऱ्याला पाच मिनिटांत कळला. राऊत सर म्हणाले, मग आज्ञाच ठेवा. पण छपाईच्या वेळी वरच्या मंडळींना त्या जागी तो शब्द जड वाटला आणि त्यांनी 'सूचना' करून टाकलं. मी भांडले, माझं चाललं नाही. अजून ते पान उघडलं की जिवाला लागतं. सूचनेने बावतीसकाकांचा शब्द रद्द झाला नसता. पुढे काम संपलं, खोली बंद झाली, राऊत सर गेले. आता मला "कळलं का?" असं कुणी विचारत नाही, सगळे मलाच समजावून सांगतात.

पण मी त्या दिवसाचं सांगत होते. मार्कने उंबऱ्याकडे पाऊल उचललं आणि काका पुन्हा ओरडले, "थांब!" मावशींनी कपाळाला हात लावला. काका माझ्याजवळ आले.

"बाय, नीट आठवून सांग. टँकरबद्दल पौलाने काय लिवलंय?"

"टँकरबद्दल काही नाही, काका."

"मग तो फाटकाबाहेर."

मार्क निमूट टँकरवर चढला आणि मागे घेऊ लागला. फाटक अरुंद होतं. बावतीसकाका फाटकाबाहेर मध्यभागी उभे राहिले आणि दोन्ही हात हलवत, सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात पोराला सांगू लागले, "येऊ दे... येऊ दे... घाबरू नको, मी बघतोय... येऊ दे."